ताईंची दुसरी डिश

माझी मोठी नणंद रविवारीही कामावर जाते. का, तर तिच्या पेशींना रविवार कळत नाही.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच रविवारी सगळे जेवायला बसत होते आणि ताई पायात चपला सरकवत होत्या. "कुठे निघालात?" मी विचारलं. "जेवण घालून येते," त्या म्हणाल्या. मला वाटलं, कुणी एकटं राहणारं म्हातारं माणूस असेल. नव्या सुनेच्या उत्साहात मी डबा भरायला घेतला आणि सासूबाईंची हसून हसून पुरेवाट झाली. ताई हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की त्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत माणसांच्या पेशी वाढवतात. कातडीचा मसुराएवढा तुकडा घ्यायचा, प्लास्टिकच्या चपट्या डिशमध्ये ठेवायचा, अंगाइतकी ऊब असलेल्या कपाटात सांभाळायचा आणि मधूनमधून जुनं पाणी काढून नवं गुलाबी पाणी घालायचं. ते पेशींचं जेवण. विसरलं की उपाशी मरतात.

ताईंचं सगळंच तसं. हात धुऊन धुऊन कोरडे पडलेले, केस घट्ट मागे बांधलेले, बोलणं तोलूनमापून. गॅस बंद आहे का हे त्या दोनदा बघतात, आणि मी बंद केला असेल तर तीनदा. मी शिवणकाम करते. माझ्या दुकानात दिवसभर बायका, बडबड आणि मशीनची खडखड. ताई काचेमागे तोंडाला फडकं बांधून बसणाऱ्या. मी तोंडाळ, त्या घुम्या, तेव्हा आमचं सूत काही जमलं नाही. भांडणही झालं नाही म्हणा. एका हाताने टाळी वाजत नाही, आणि ताई दुसरा हात पुढे करतील तर शपथ. वयाने माझ्याहून मोठ्या, पण मला पहिल्या दिवसापासून "वहिनी" आणि "तुम्ही". एवढा मान दिला की जवळ जायची सोय उरत नाही.

मग माझ्या नवऱ्याच्या किडन्या गेल्या.

तो लिफ्टची दुरुस्ती करायचा. इमारतीच्या पोटातल्या उभ्या पोकळीत लोंबकळून काम करणारा गडी, त्याला साधा जिना चढताना धाप लागायला लागली. तपासेपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाबाने झालं असावं. एक दिवसाआड इस्पितळात जायचं, मशीनला जोडून पडायचं, रक्त धुऊन घ्यायचं, हेच त्याचं आयुष्य झालं. पुढे हातातल्या ज्या शिरेतून रक्त काढायचे तीही दगा द्यायला लागली. डाव्या हातातली बंद पडली, उजव्या हातात नवी केली, तीही कुरकुरू लागली. "मशीनवर फार काळ काढता येईलसं वाटत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किडनी बदलायला हवी."

पण द्यायची कुणी? सासूबाईंचं वय आडवं आलं, माझी साखर आडवी आली, ताईंचा रक्तगट जुळेना. किडन्यांची अदलाबदल करायला आमच्यासारखंच अडलेलं दुसरं कुटुंब शोधलं, तेही मिळेना. उरली छोटी.

छोटी म्हणजे माझी धाकटी नणंद. ताईंपेक्षा इतकी लहान की त्यांनीच तिला कडेवर घेऊन वाढवली. आता ती घरात सगळ्यांत उंच आहे, तरी छोटीच. पोरांना पोहायला शिकवते, दिवसभर पाण्यात असते, आणि घरात आली की ओल्या केसांचं पाणी सगळ्या घरभर. तिला विचारायचं कसं, याची आम्ही मनातल्या मनात जुळवाजुळव करत होतो, तोवर तीच भावाच्या पलंगावर येऊन बसली. "दादा, डावी देऊ का उजवी? आत्ताच सांग, नंतर कुरकुर चालणार नाही." तो फार दिवसांनी हसला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तपासण्या सुरू झाल्या आणि एक मेख निघाली. नवऱ्याच्या एका जनुकात एक अक्षर बदललेलं सापडलं. तेच छोटीतही सापडलं. ताईंमध्ये नव्हतं, सासूबाईंमध्येही नव्हतं, म्हणजे वडिलांकडून आलेलं. ते तर अपघातात तरुणपणीच गेले, त्यांच्या किडन्या कशा होत्या हे सांगणार कोण? डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की असे बदल माणसागणिक असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. हाही तसाच असेल तर काही प्रश्न नाही. पण यानेच जर दादाच्या किडन्या खाल्ल्या असतील, तर छोटीच्याही आज ना उद्या खाणार. कुणाच्या तिशीत, कुणाच्या पन्नाशीत. अशा मुलीची एक किडनी काढून घेणं म्हणजे तिलाही हातानं मशीनवर नेऊन बसवणं.

हा बदल गुन्हेगार की निर्दोष, हे कळायला तो पेशीच्या आत काय करतो ते बघावं लागतं. छोटीच्या दंडाची कातडी घेतली आणि ती अर्थातच आली ताईंच्या उबदार कपाटात. घरच्या माणसाचा निकाल आपण वाचायचा नाही, असा तिथला नियम. वाचणार होता ताईंच्या शेजारच्या टेबलावरचा जाड चष्म्याचा सहकारी. पण पेशी वाढवणं ताईंशिवाय तिथे कुणाला जमत नाही, म्हणून तेवढं त्यांच्याकडेच राहिलं.

निकाल स्वच्छ आला. पेशीत सगळं सुरळीत होतं. ऑपरेशनचा सोमवार ठरला. छोटीने बॅग भरली, त्यात पोहायचा चष्मा टाकला आणि "इस्पितळात टब असेल ना?" म्हणून आईला छळलं. सासूबाई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या. मी गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, की पुढचा महिना दुकान बंद.

ऑपरेशनच्या आधीच्या मंगळवारी दुपारी ताई माझ्या दुकानात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी एका मुलीच्या झग्याचं कापड टेबलावर पसरलं होतं. ताई उभ्याच राहिल्या. चेहरा असा, की मी कात्री खाली ठेवली.

"काय झालं? यांना काही झालंय का?"

"नाही. वहिनी, एक विचारते. तुमचे मूळ नमुने कुठे असतात?"

मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. "त्या कपाटात. जाड पुठ्ठ्याचे. का?"

"कापताना तेच वापरता?"

"छे, ते खराब होतील. पातळ कागदावर नक्कल काढते, तिच्यावरून कापते. काम झालं की फाडून टाकते. नाहीतर हा ढीग होईल, आणि जुन्या मापाची नक्कल हाती लागली की कापडाचा सत्यानाश."

"पेशीतही तसंच असतं," ताई म्हणाल्या. "कपाटातला नमुना म्हणजे जनुक. पातळ कागद म्हणजे आरएनए. शिवून निघालेला कपडा म्हणजे प्रथिन. कुठली नक्कल किती काढायची, किती वेळ ठेवायची, कधी फाडायची, सगळं पेशी ठरवते. आता समजा, एक नक्कल चुकीची निघाली. बाहीच्या मध्येच खूण आहे, की इथे शिवण संपली. मग?"

"मग शिवायला घेतल्याबरोबर कळेल. तिथल्या तिथे फाडीन."

"आणि नंतर कुणी येऊन तुमच्या टेबलावर पाहिलं तर?"

"काय दिसणार? चांगल्याच नकला दिसतील," मी म्हणाले, आणि माझ्याच तोंडून निघालेलं वाक्य माझ्या कानात शिरलं. मी स्टुलावर बसले.

ताई बोलत राहिल्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पेशीची ही सफाई सगळ्यांना माहीत असते, म्हणून नेहमी दोन डिश करायच्या. एक साधी. दुसरीत एक औषध घालायचं, जे सगळ्या शिंप्यांचे हात धरून ठेवतं. शिवणच थांबली की चुकीची नक्कल कुणाच्या लक्षात येत नाही, ती फाडायची राहून जाते. मग ती दिसते.

"मग छोटीच्या दुसऱ्या डिशमध्ये काय दिसलं?"

"दुसरी डिश मी केलीच नाही."

"म्हणजे?"

"पेशी फार हळू वाढत होत्या. एका डिशपुरत्या जेमतेम झाल्या, थोड्या उरल्या. ते औषध विषच असतं, वहिनी. मला वाटलं, एवढ्याशा आहेत, थोडं अंग धरू देत, मग घालू." त्यांनी टेबलावरचं कापड सारखं केलं. "दुसऱ्या कुणाच्या असत्या तर घातलं असतं. छोटीच्या होत्या."

तेवढ्यात पहिल्या डिशचा निकाल स्वच्छ आला. चष्मेवाल्याला वाटलं, दुसरी डिश जगली नसेल, असं होतं कधीकधी. ताईंना वाटलं, आता गरजच काय. नियम मोडून त्या कधी त्याच्या पडद्याकडे बघत नाहीत, पण त्या दिवशी त्याने आनंदाने हाक मारून दाखवला. छोटीच्या त्या जनुकात एक जागा अशी आहे, जिथे आईकडून एक अक्षर आलंय आणि वडिलांकडून दुसरं. नकलांमध्येही दोन्ही दिसायला हवीत. पडद्यावर एकच होतं, आईकडचं. वडिलांकडच्या नकला कुठेच नव्हत्या. त्याचा अर्थ त्यांना आज सकाळी लागला.

"स्वच्छ नाही ते, वहिनी. साफ केलेलं आहे."

मला इतका संताप आला, की समोरची पट्टी घेऊन काहीतरी फोडावंसं वाटलं. "आणि हे तुम्हाला आत्ता सुचतंय? सहा दिवसांवर ऑपरेशन आलंय! तो माणूस घरी दिवस मोजत पडलाय!"

"डॉक्टरांना सांगून आले."

"सांगूनही आलात?"

"आधी त्यांना सांगितलं. मग तुमच्याकडे आले."

हे ताईंचं खास. आधी काम, मग माणसं.

डॉक्टरीणबाईंनी शुक्रवार संध्याकाळपर्यंत मुदत दिली होती. तोवर उरलेल्या पेशींच्या दुसऱ्या डिशचा निकाल आला तर जे असेल ते. पेशी मेल्या आणि निकाल आलाच नाही, तर छोटीला समोर बसवून सगळी शंका सांगायची आणि निर्णय तिच्यावर सोडायचा. ऐकायला हे फार न्यायाचं वाटतं. पण छोटी काय म्हणेल, हे आमच्या घरातल्या मांजरालाही माहीत होतं.

घरी ताईंनी सगळ्यांना सांगितलं, की एक तपास राहिलाय, तो आता चाललाय, आणि तो उलटा निघाला तर सोमवार रद्द. नवऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. छोटी तेवढी नेहमीसारखी. "ताई, तुझ्या त्या पेशी फार लाडावून ठेवल्यास तू. दोन धपाटे घाल." ताई उठून हात धुवायला गेल्या.

बुधवारी संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या, मी भांडी पुसत होते. ताई कामावरून आल्या तशा नळाशी उभ्या राहिल्या.

"आहेत का गं जिवंत?" सासूबाईंनी विचारलं.

"आहेत. उद्या औषध घालणार."

"तुझ्याकडे पेशी मरतात ना पुष्कळदा?"

"मरतात."

"कुणी जाब विचारतं?"

"नाही. मरतातच त्या."

सासूबाईंनी शेंग बाजूला ठेवली. "मग याही मेल्या म्हण."

नळ चालू होता. ताईंनी तो बंद केला.

"आई."

"आई काय, आई? मी काही मागत नाही तुझ्याकडे. कधी मागितलं नाही. खोटा निकाल दे म्हणत नाही, फक्त मेल्या म्हण. पुढचं पोरगी ठरवेल. एकाला तरी वाचव!"

"दोघंही तुझीच आहेत."

"म्हणून तर सांगतेय! एक माझ्या डोळ्यांदेखत आज मरतोय. दुसरीचं पुढचं कुणी पाहिलंय?"

"मी पाहू शकते," ताई म्हणाल्या. "तेच माझं काम आहे, आई."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "आणि तू गं? एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही. नवरा तुझा आहे ना?"

मी ताईंकडे बघितलं नाही. "आई बरोबर बोलताहेत," मी म्हणाले.

खरं ते लिहिते. त्या रात्री मी अंथरुणात पडून त्या पेशी मराव्यात म्हणून हात जोडले. छोटीवर माझा जीव आहे, तरीही जोडले. शेजारी नवऱ्याचा श्वास ऐकू येत होता, आणि तो ऐकू येत राहावा, यापलीकडे मला काही नको होतं.

गुरुवारी मी दुकान उघडलं नाही. ताईंच्या मागोमाग इस्पितळात गेले. त्या चला म्हणाल्या नाहीत आणि नकोही म्हणाल्या नाहीत. तळमजल्यावर लांबलचक बोळ, औषधांचा वास, टोकाला काचेची खोली. मला बाहेरच्या बाकावर बसवून त्या आत गेल्या. झगा, हातमोजे, तोंडाला फडकं. कपाट उघडलं तसा काचेवर किंचित घाम आला. त्यांनी दोन्ही हातांनी डिश उचलली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बाहेरच्या लहान पडद्यावर चित्र उमटलं.

मी पहिल्यांदाच पेशी बघत होते. लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, एकमेकींना चिकटून एकाच दिशेला पहुडलेल्या. मधेच काही गोल होऊन पाण्यावर तरंगत होत्या.

"त्या गोल?" मी काचेतल्या जाळीतून विचारलं.

"मेलेल्या."

"पुष्कळ आहेत की."

"आहेत. उरलेल्या पुरतील."

त्या मरायला काही करायचीसुद्धा गरज नव्हती. ती डिश टेबलावर जरा जास्त वेळ राहू दिली असती, पाणी घालायला विसरलं असतं, तरी झालं असतं. बोट लावायला नको. ताईंना हे माझ्याहून हजारपट ठाऊक होतं. त्यांनी थंड पेटीतून औषधाची बारकी कुपी काढली, नळीत थेंब ओढला आणि हात डिशवर नेला. आणि तो हात थांबला. त्यांनी नळी परत ठेवली. डिश उबेत सरकवली. खुर्चीवर बसून राहिल्या.

नका घालू, मी मनात म्हणत होते, नका घालू.

त्या उठून जाळीशी आल्या. "वहिनी, तुम्ही जा."

"मी काही बोलले का?"

"नाही. तुम्ही बघताय म्हणून मी घातलं, असं मला नंतर वाटायला नको. आणि घातलं नाही, तर तुमच्यामुळे नाही घातलं असंही नको."

मी जिन्यात जाऊन बसले. लोक येत होते, जात होते. कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं. मला कळत नव्हतं, की मला त्या दारातून काय ऐकायचंय. ताई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या गालांवर फडक्याचा वळ उमटला होता.

"घातलं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. मी त्यांच्यावर चिडले होते, तरी उठून गेले नाही.

संध्याकाळपर्यंत औषधाला काम करू द्यायचं, मग पेशी फोडून त्यांतल्या नकला वेगळ्या काढायच्या. ताई म्हणाल्या, ती नक्कल इतकी नाजूक, की उघडं बोट लागलं तरी बोटावरचा घाम तिला खाऊन टाकतो. एवढ्याशा जिवाच्या कागदावर माझ्या घराचा निवाडा लिहिलेला होता. तो चष्मेवाल्याच्या हाती देऊन ताई घरी आल्या, आणि सासूबाईंनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

शुक्रवार हा मशीनचा दिवस. दुपारपासून नवरा हात पसरून पडला होता, नळीतून त्याचं रक्त जात होतं, येत होतं. नर्स दोनदा येऊन सुई हलवून गेली, शीर पुन्हा रुसली होती. मी स्टुलावर. ताई पायथ्याशी उभ्या. छोटी पोहण्याच्या वर्गातून तशीच धावत आली, केस निथळताहेत, खांद्यावर टॉवेल. "आला का निकाल? नाही? हे लोक सरकारी आहेत का काय?"

तेवढ्यात चष्मेवाला दाराशी दिसला. तो स्वतः आला होता, फोन केला नव्हता. ताई बाहेर गेल्या. काचेतून मला त्याचे ओठ हलताना दिसले, आणि ताईंची मान एकदाच खाली गेलेली दिसली.

त्या आत आल्या. नवऱ्याने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला कळलं. भाऊच तो.

"ताई," तो म्हणाला, "मला राहू दे. आधी तिला सांग."

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आम्ही तिघी बसलो. छोटीच्या केसांचं पाणी खुर्चीवरून खाली टपटपत होतं. डॉक्टरीणबाई सावकाश, सोप्या शब्दांत बोलल्या. औषध घातलेल्या डिशमध्ये वडिलांकडच्या नकला सापडल्या. मधेच तुटलेल्या. पेशी त्या फाडून टाकते म्हणून पहिल्यांदा दिसल्या नाहीत. म्हणजे त्या जनुकाचं प्रथिन निम्मंच बनतं. किडनीच्या गाळणीला ते पूर्ण लागतं. निम्म्यावर बरीच वर्षं निघतात, मग गाळणी उसवते. दादाचं तेच झालंय.

"म्हणजे मी नाही देऊ शकत?" छोटी म्हणाली.

"नाही."

"मग दादाचं काय?"

"त्याच्यासाठी आपण शोधत राहू. शीर दुसरीकडे करता येते का ते बघू."

"अहो पण ती शीर आत्तासुद्धा रुसलीय. मी बघून आले ना. तेवढ्यात नाही कुणी मिळालं तर?"

ताई खुर्चीवरून उठल्या आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. लहानपणी तिच्या बुटांचे बंद बांधायला बसत असतील तशा. "छोटी, इकडे बघ. आपण आता दादाचं नाही बोलत. तुझं बोलतोय."

"हो गं."

"तुझ्यातही ते आहे."

"कळलं मला. तपासत राहायचं, मीठ कमी खायचं, रक्तदाब बघायचा. करीन ना. पण दादाचं काय, ते सांग की!"

छोटीनेच मग टॉवेलने त्यांचा चेहरा पुसला. मला वाटतं, तो ओला आहे हे ताईंना माहीतही नव्हतं.

"मी त्याच्याकडे जाते," छोटी म्हणाली. "एकटाच पडलाय."

आम्ही मागोमाग गेलो. ती माझ्या स्टुलावर बसली होती, भावाच्या मोकळ्या हाताची बोटं धरून.

"दादा, रागावू नको हं," ती सांगत होती. "माझी चालत नाहीये."

"अगं वेडे," तो म्हणाला. त्याला नीट बोलता येत नव्हतं. "तुला झालंय ते. तुला."

"मला काय धाड भरलीय?" छोटी म्हणाली, आणि नळीला धक्का लागणार नाही अशा बेताने आपलं ओलं डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं.

ताई आत आल्याच नाहीत. दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या पेशी मराव्यात म्हणून हात जोडणारी मी, त्यांची भावजय, त्यांच्या पाठीवर हात ठेवून तिथेच उभी राहिले.